चुडामण नानांवरचे दोन अहवाल

चुडामण नानांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते गल्लीच्या मधोमध गुडघे टेकून, सिमेंटच्या चेंबरच्या झाकणाला कान लावून बसले होते. सकाळचे सव्वासात झाले होते. त्यांच्या शर्टाच्या खिशात मोबाईल होता आणि त्यावर हिरव्या अक्षरांत लिहून आलं होतं, की या गल्लीचा पाण्याचा वॉल उघडलेला आहे. तरी ते कान लावून बसले होते. आम्ही कॉलेजची चोवीस माणसं भोवती येऊन उभी राहिलो. त्यांनी वर न बघता हात करून आम्हाला गप्प बसवलं. मग उठले, गुडघ्यांची माती झटकली आणि म्हणाले, "ऊनं."

पाणी आलं होतं. पुढच्याच घरातल्या बाईने नळाखाली हंडा सरकवल्याचा आवाज आला.

मी त्यांना विचारलं, की मोबाईल आधीच सांगत होता ना? ते म्हणाले, "मोबाईल सांगस ते खरंच व्हई. पन पानी बी काही सांगस ना."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. त्याचं पुढे काय करायचं ते मला कळलं नव्हतं. खरं तर त्या वर्षी मला बऱ्याच गोष्टी कळत नव्हत्या.

मी जळगावच्या एका कॉलेजात भूगोल शिकवतो. मूळचा धुळ्याकडचा. भूगोल कला शाखेत की विज्ञान शाखेत, याचा निकाल आमच्याकडे तीस वर्षांत लागलेला नाही. त्यामुळे नवीन धोरण आलं आणि प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या मुख्य विषयाबरोबर दुसऱ्या शाखेतला एक मायनर घ्यायचा असं ठरलं, तेव्हा प्राचार्यांची नजर माझ्यावर पडली. माझ्याकडे मुलं कमी झाली होती, तास भरत नव्हते. 'तंत्रज्ञान आणि समाज' नावाच्या मायनरचा 'समाज' मला मिळाला. 'तंत्रज्ञान' मिळालं मयुरी मॅडमना. त्या संगणक विभागात तासिका तत्त्वावर होत्या. वय एकोणतीस, बोलणं मोजकं, काम चोख.

अभ्यासक्रम चार पानांचा होता. त्यात 'परस्परसंबंध' हा शब्द अकरा वेळा होता. तो संबंध शिकवायचा कोणी, हे मात्र त्यात नव्हतं. पहिल्या तासाला आम्ही दोघंही वर्गात गेलो. फळा एक आणि आम्ही दोन. बी.ए.ची मुलं खिडकीकडे बसली, बी.एस्सी.ची भिंतीकडे. एकाने उभं राहून विचारलं, की पेपर कोण काढणार? मी मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी माझ्याकडे. शेवटी असं ठरलं, की सोमवारी त्यांनी यंत्र शिकवायचं आणि गुरुवारी मी माणसं. हे सोयीचं होतं. चूक तिथेच झाली असं आज मला वाटतं, पण त्या दिवशी मला हायसं वाटलं होतं.

प्रत्यक्ष गावात जाऊन करायच्या अभ्यासाला पन्नास गुण होते. गाव सुचवलं दिपमालाने. भूगोल घेऊन बी.ए. करणारी, सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारी मुलगी. तिच्या आईचं माहेर भडगावपासून सात-आठ किलोमीटरवर, गिरणेच्या काठाला. तिथे दोन वर्षांपूर्वी पाणीपुरवठा मोबाईलवर गेला होता. गावाचं नाव मी लिहीत नाही, तसं आमचं ठरलं आहे. चुडामण नानांचं मात्र खरंच नाव लिहितो आहे. तसं त्यांनी स्वतः सांगितलं, आणि का सांगितलं ते पुढे येईलच.

दोन क्रूझर करून पहाटे निघालो. गावात पोचल्यावर वर्गाचे दोन गट केले. मॅडमचा गट यंत्रणा बघणार होता, त्यात जितेंद्र पुढे. माझा गट लोकांशी बोलणार होता, त्यात दिपमाला पुढे. जितेंद्र चोपड्याकडचा, घरची केळी. त्याच्या शेतात ठिबकचं पाणी मिनिटांवर चालतं. एका वर्षी मजूर वॉल बंद करायला विसरला आणि अर्धा प्लॉट तीन दिवस चिखलात राहिला, हे त्याने आम्हाला गाडीतच सांगितलं होतं. माणूस विसरतो, यंत्र विसरत नाही, एवढं त्याचं साधं म्हणणं होतं. त्याच्या जागी मी असतो तर माझंही तेच असतं.

नानांची हकिगत मला त्या दिवशी तुकड्यातुकड्यांत कळली. थोडी त्यांच्याकडून, जास्त त्यांच्या बायकोकडून, कुंदाबाईंकडून.

नाना बाविसाव्या वर्षी ग्रामपंचायतीत पाणी सोडायला लागले. आज अठ्ठावन्न. नदीतल्या विहिरीवरून पाणी टाकीत चढतं, आणि दर चौथ्या दिवशी सकाळी सहापासून एकेक गल्ली करत गावात सुटतं. सात गल्ल्या. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी जमिनीत एक वॉल. तो फिरवायला कमरेएवढी उंच लोखंडी चावी लागते, वर आडवा दांडा असलेली. ती चावी सायकलच्या दांडीला बांधून नाना चौतीस वर्षं फिरले. कोणत्या गल्लीला किती वेळ, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. खालच्या दोन गल्ल्या उतारावर, तिथे पाणी धो-धो येतं आणि लोकांचे ड्रम लवकर भरतात. इंदिरानगर सगळ्यात शेवटी आणि चढावर. तिथली घरं मजुरांची. पाईप भरून पाणी तिथे पोचायलाच वीसेक मिनिटं जातात, मग नळाला करंगळीएवढी धार. कोणाच्या घरी टिल्लू मोटार लावून पाणी ओढतात, कोणाकडे बाळंतीण आहे, कोणाकडे पाहुणे उतरलेत, हे सगळं नानांच्या डोक्यात. त्या हिशेबाने ते चावी फिरवत.

लोक त्यांना वाट्टेल ते बोलत. सासुरवाडीच्या गल्लीला जास्त पाणी देतो म्हणत. एकदा एकाने भर चौकात कॉलर धरली होती. कुंदाबाई सांगत होत्या, की पाण्याच्या दिवशी त्या मुद्दाम बाहेर पडत नसत, कोण काय ऐकवेल याचा नेम नव्हता.

मग दोन वर्षांपूर्वी बाहेरच्या एका कंपनीची माणसं आली. त्यांनी प्रत्येक वॉलवर एक मोटार बसवली, टाकीखाली एक पेटी लावली आणि नानांच्या हातात मोबाईल दिला. एका दुपारी शिकवून गेले. हिरवं बटण दाबलं की पहिल्या गल्लीचा वॉल उघडतो, चाळीस मिनिटांनी आपोआप बंद होतो आणि दुसऱ्या गल्लीचा उघडतो. सात गल्ल्या, प्रत्येकी चाळीस मिनिटं. कोणाला कमी नाही, कोणाला जास्त नाही. नानांचा पगार तोच राहिला. कागदावर 'वॉलमन' होतं तिथे 'ऑपरेटर' झालं. गावात त्यांच्या नावाने होणारा शिमगा थांबला. आता भांडायचं कोणाशी, मोबाईलशी?

नाना घरी बसून बटण दाबू शकत होते. ते बसत नव्हते. बटण दाबून सायकल काढायचे आणि प्रत्येक चेंबरपाशी जाऊन कान लावायचे. कुंदाबाई म्हणाल्या, पहिले सहा महिने तर त्यांचं जेवणावरून लक्ष उडालं होतं. काम गेलं म्हणावं तर गेलं नव्हतं. आहे म्हणावं तर दिसत नव्हतं.

दोन महिन्यांनी दोन्ही गटांचे अहवाल तयार झाले. मी दोन्ही वाचले आणि दोन्ही मला पटले, हे आधीच सांगून टाकतो.

जितेंद्रच्या गटाने कंपनीच्या पेटीतली सगळी नोंद उतरवून आणली होती. त्यांनी लिहिलं होतं, की गावातली पाण्याची भांडणं जवळजवळ संपली, ऑपरेटरचे पाणी सोडायच्या दिवशीचे साडेतीन तास वाचले, वाटप समान झालं. दोष एकच सापडला होता. तीन महिन्यांत ऑपरेटरने एकसष्ट वेळा चालू यंत्रणेत हस्तक्षेप केला होता. चाळीस मिनिटं पूर्ण होण्याआधी मध्येच एक वॉल बंद करायचा, दुसरा उघडा ठेवायचा. त्यामुळे समान वाटपाला बाधा येते, म्हणून मध्येच वॉल उघड-बंद करायचं ऑपरेटरच्या मोबाईलवरचं बटण काढून टाकावं, अशी शिफारस होती. तक्ते सुंदर होते.

दिपमालाच्या गटाने दुसरंच लिहिलं होतं. त्यांच्या अहवालात पुना नावाचा एक म्हातारा होत चाललेला वॉलमन होता. त्याचं चौतीस वर्षांचं कसब एका दुपारात निरुपयोगी झालं. पूर्वी गल्लीतल्या बाया त्याला हाक मारून चहा देत, आता तो कोणाला दिसत नाही. तो रिकामाच सायकलवर फिरतो आणि जमिनीला कान लावतो. शेवटी त्यांनी लिहिलं होतं, की यंत्राने पाणी दिलं पण माणूस कोरडा ठेवला. हे वाक्य मी खोडायला हवं होतं. खोडलं नाही.

माणसावर लिहायचं तर त्याचं खरं नाव द्यायचं नाही, हा नियम मीच गुरुवारच्या तासाला शिकवला होता. म्हणून चुडामणचा पुना झाला होता. जितेंद्रच्या गटात नावाचा प्रश्नच नव्हता, तिथे नुसता 'ऑपरेटर' होता.

दरम्यान त्या गावच्या ग्रामसेवकांनी मॅडमना फोन करून विचारलं, की तुमच्या पोरांनी काय शोधलं ते आम्हालाही पाठवा. मॅडमनी जितेंद्रच्या गटाच्या शिफारशी एका पानावर काढल्या आणि पाठवल्या. त्या पानावर माझीही सही आहे. वाचूनच केलेली आहे.

सादरीकरणाच्या दिवशी आम्ही नानांना आणि कुंदाबाईंना कॉलेजात बोलावलं. ते सकाळच्या एसटीने आले. नानांनी पांढरी टोपी घातली होती. प्राचार्यांनी त्यांना गुलाबाचं फूल आणि रुमाल दिला, मग ते दोघं पहिल्या रांगेत बसले. पंखा नेमका त्यांच्यावर होता, तरी नाना सारखे घाम पुसत होते.

आधी जितेंद्रच्या गटाने मांडलं. पडद्यावर आलेख आले. नाना मान हलवत ऐकत होते. ऑपरेटर एकसष्ट वेळा मध्ये पडला, हे आलं तेव्हा त्यांनी कुंदाबाईंकडे पाहून भुवया उंचावल्या. मग दिपमालाच्या गटाने पुनाची गोष्ट वाचली. एका मुलीने डोळे पुसले. नानाही पुढे सरकून ऐकत होते.

शेवटी प्राचार्यांनी नानांना दोन शब्द बोलायला सांगितलं. नाना उभे राहिले, टोपी नीट केली, आणि म्हणाले, की पोरांनी खूप मेहनत घेतली. मग त्यांनी विचारलं, "त्या पुनानं गाव कोनतं शे? माले त्याले भेटनं शे."

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. नानांना वाटलं आपलं नीट ऐकू गेलं नसेल. त्यांनी पुन्हा समजावून सांगितलं, की आपणही तेच काम करतो, तर त्या बिचाऱ्याला चार गोष्टी सांगता येतील, इतकं मनाला लावून घेऊ नको म्हणावं. मग जितेंद्रकडे वळून म्हणाले, "आनि तो दुसरा ऑपरेटर, तो काब्रं इतला वेळा बटन दाबस? त्याले कोनी इचारं का?"

जितेंद्रने मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी माझ्याकडे. पहिल्या तासासारखंच झालं. दिपमाला पुढे आली, नानांच्या जवळ जाऊन हळू आवाजात म्हणाली, "नाना, दोन्ही तुम्हीच शेतस."

नाना रागावले असते तर बरं झालं असतं, पण ते रागावले नाहीत. ते खरोखरच ते जुळवून बघत होते. तो रडका पुना एका बाजूला, तो आगाऊ ऑपरेटर दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये आपण. मग त्यांनी मला विचारलं, "मंग मी काम करस का काममा आडा येस? तुम्ही शिकेल मानसं शेतस, तुम्हीच सांगा."

मी काहीतरी बोललो, दोन्ही बाजू असतात वगैरे. त्यांनी मान हलवली, पण ती मी शिक्षक होतो म्हणून. जेवण झाल्यावर परतीच्या एसटीत बसवताना त्यांनी मला एवढंच सांगितलं, की पुढे कुठे लिहिलं तर माझं नाव चुडामणच लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला आणि मलाही कळेल कोणाबद्दल आहे.

त्या संध्याकाळी मॅडम आणि मी स्टाफरूममध्ये बसलो. ऑपरेटर इतक्या वेळा बटण का दाबतो, हा नानांचा प्रश्न आमच्यापैकी कोणीच विचारला नव्हता. जितेंद्रच्या गटाला एकसष्ट हस्तक्षेप सापडले होते, पण ते मोजून थांबले. दिपमालाच्या गटाला इंदिरानगरच्या बायांनी सांगितलं होतं, की पाण्याचं ठीक चाललंय, नाना बघतात. पोरींनी ते जुन्या मायेपोटी म्हटलेलं समजून सोडून दिलं. दोन्ही कागद शेजारी ठेवले तेव्हा आम्हाला दिसलं, की एकसष्टपैकी बहुतेक वेळा नानांनी खालच्या गल्ल्यांचा वॉल तिसाव्या मिनिटाला बंद केला होता आणि इंदिरानगरचा एक तास चालू ठेवला होता. ड्रम भरलेल्यांचं पाणी काढून ते चढावर पाठवत होते. मोबाईलच्या भाषेत तो हस्तक्षेप होता.

मॅडम म्हणाल्या, "सर, ते पान मी पाठवून दिलंय."

मी म्हटलं, पंचायतीची कामं लगेच कुठे होतात. या बाबतीत माझा अंदाज साफ चुकला. कंपनीला एक बटण काढायला काहीच लागत नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात ते गेलं.

पाण्याच्या तीन पाळ्या झाल्यावर दिपमालाच्या मामाचा तिला फोन आला. इंदिरानगरला पाणी पोचून धार लागते न लागते तोच वॉल बंद होतो. बाया हंडे घेऊन पंचायतीत गेल्या, तर त्यांना सांगितलं, की कॉलेजच्या लोकांनी अभ्यास करून ठरवलंय, आता कोणालाही कमी-जास्त होणार नाही. नाना काय करतात, असं दिपमालाने विचारलं. मामा म्हणाले, करायला काही राहिलं नाही, तरी पाळीच्या दिवशी इंदिरानगरच्या चेंबरपाशी जाऊन उभे असतात.

त्या रविवारी पाण्याची पाळी होती. मॅडम, मी, दिपमाला आणि जितेंद्र असे चौघं गेलो. इंदिरानगरच्या शेवटच्या नळाखाली जितेंद्र बादली ठेवून मोबाईलचं घड्याळ लावून बसला. वॉल उघडल्यापासून पहिला थेंब पडेपर्यंत एकोणीस मिनिटं गेली. पुढच्या एकवीस मिनिटांत त्या टोकाच्या आठ घरांपैकी पाच घरांचे हंडे भरले. मग पाणी गेलं. सुगंधाबाई नावाची एक बाई रिकामा हंडा तसाच काखेत घेऊन उभी होती. तिने जितेंद्रला विचारलं, की तू पंचायतीचा का? तो म्हणाला, कॉलेजचा. तिने पुढे काही विचारलं नाही. जितेंद्रला ते फार लागलं, असं त्याने मला नंतर सांगितलं.

दुपारी नानांच्या ओट्यावर बसलो. जितेंद्रने वही काढली आणि म्हणाला, "नाना, तुम्ही प्रत्येक गल्लीला किती वेळ देता ते मला मिनिटांत सांगा. मी तसंच यंत्रात भरायला लावतो. इंदिरानगरला किती?"

नाना म्हणाले, "पानी पोचस तवलोंग."

"म्हणजे किती मिनिटं?"

नानांनी विचार केला. टाकी भरलेली असली तर पन्नास. रात्री वीज गेलेली असली तर टाकी अर्धीच असते, मग एक तासाच्या वर. उन्हाळ्यात आणखी. गल्लीत लग्न असलं तर खालच्या गल्लीचे पाच कमी. पण खालच्या गल्लीत कोणी वारलं असेल तर त्यांचे कमी करायचे नाहीत, त्या दिवशी घरात माणसं फार असतात. पोळ्याच्या दिवशी बैल धुवायचे म्हणून वेगळा हिशेब. जितेंद्र लिहीत राहिला. चार पानं भरली. मध्येच त्याने विचारलं, की याचा काही एक नियम आहे का? नाना गोंधळले. त्यांना वाटलं आपण काहीतरी चुकीचं सांगतोय. कुंदाबाई आतून म्हणाल्या, की यांना नियम विचारू नका, चौतीस वर्षांत मला समजला नाही. जितेंद्र पहिल्यांदाच हसला.

शेवटी तोडगा निघाला तो असा. खालच्या दोन गल्ल्यांना तीस-तीस मिनिटं, इंदिरानगरला साठ, बाकीच्या चार गल्ल्यांना चाळीसच. एकूण वेळ होता तेवढाच राहिला. मॅडमनी ग्रामसेवकांना समोर बसवून कंपनीला फोन केला आणि ही मिनिटं भरायला लावली. बटण परत द्या म्हटलं, तर ते पुढच्या वेळी बघू म्हणाले. आम्ही आणखी एक पान लिहून दिलं, की आधीची शिफारस अपुऱ्या अभ्यासावर होती. त्यावर आम्ही दोघांनी आणि जितेंद्रने सही केली. विद्यार्थ्याच्या सहीची गरज नव्हती, त्याने मागून घेतली.

गुणांचा घोळ राहिला होता. मॅडमनी जितेंद्रच्या गटाला आधी चव्वेचाळीस दिले होते, मी दिपमालाच्या गटाला बेचाळीस. आता द्यायचे किती, आणि कशाचे? चुकलेल्या अहवालाचे की रविवारच्या बादलीचे? फॉर्मवर बादलीसाठी रकाना नव्हता. आम्ही दोन्ही गटांना एकत्र बसवून एकच नवा अहवाल लिहायला लावला आणि सगळ्यांना सारखे अडतीस दिले. काही मुलांनी तक्रार केली. त्यांचंही बरोबर असेल.

त्यानंतर वर्ष झालं. मॅडमना धुळ्यात कायमची नोकरी लागली. मायनरला यंदा एकेचाळीस मुलं आहेत आणि सोमवार-गुरुवार अशी वाटणी मी बंद केली आहे. नवे सर आणि मी एकाच तासाला वर्गात जातो, आणि निम्मा वेळ आमचंच एकमेकांशी पटत नाही. मुलं कंटाळतात की त्यांना मजा येते, ते अजून कळलेलं नाही.

इंदिरानगरला पाणी मिळतं. सगळ्यांना पुरतं असं नाही. ज्या दिवशी टाकी अर्धी असते त्या दिवशी साठ मिनिटंही कमी पडतात, आणि ते साठ मिनिटांना माहीत नसतं. त्या दिवशी नाना जुनी लोखंडी चावी घेऊन जातात आणि मोटारीशेजारचा हाताचा वॉल थोडा उघडतात. कंपनीने तो काढला नव्हता, अडचणीच्या वेळी लागेल म्हणून. याची नोंद कुठेही होत नाही. ग्रामसेवकांना माहीत आहे, ते काही म्हणत नाहीत. हे चांगलं की वाईट, ते मला विचारू नका. मी वर्गात हा प्रश्न टाकतो, तेव्हा दर वेळी निम्मे हात वर येतात.

गेल्या मे महिन्यात कुंदाबाईंचा फोन आला. त्यांच्या भाचीचं, डिंपलचं, धुळ्याला लग्न झालं, ते सांगायला. लग्न नेमकं पाण्याच्या पाळीच्या दिवशी आलं होतं. इतक्या वर्षांत नाना अशा दिवशी कधी गावाबाहेर गेले नव्हते. या वेळी सकाळी सुरू करायचं हिरवं बटण दाबून ते एसटीत बसले. मांडवात त्यांना पाहून पाहुण्यांना नवल वाटलं, एकाने तर तब्येत बरी आहे ना असं विचारलं. अक्षता पडल्या, पंगत बसली. नानांनी मोबाईल ताटाशेजारी ठेवला होता. गावाहून एकाचाही फोन आला नाही. जेवून ते मंडपाच्या कडेला खुर्ची टाकून बसले आणि चार वाजता एसटी निघेपर्यंत कोणाशी फारसं बोलले नाहीत.

मी विचारलं, की मग त्यांना बरं वाटलं का?

कुंदाबाई म्हणाल्या, "खुश शे का नाराज शे, माले काही समजत नही, सर. पन जिलबी दोनदा लिधी."